फाइल एक, वाचणारे अनेक

लिनक्सवर नेटवर्कची सगळी मांडणी साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेली असते आणि या फायलींपैकी बहुतेकींचा मुक्काम /एट्सी या डिरेक्टरीत असतो. कोणत्याही एडिटरमध्ये उघडाव्यात, वाचाव्यात, हवे ते बदलावे, सेव्ह करावे. ओळी लहान, शब्द मोजके, व्याकरण जवळपास नाहीच. एवढी सोय असल्यामुळेच या फायलींनी सिस्टीम ॲडमिन नावाच्या जमातीची झोप उडवली आहे. बायनरी फाइल दिसली की माणूस हात जोडून लांब राहतो. मजकुराची फाइल दिसली की त्याला वाटते, हे आपल्याला समजले.

आणि ते खोटेही नसते. फायलीत काय लिहिले आहे हे समजायला पाच मिनिटे पुरतात. ती फाइल वाचतो कोण, कधी वाचतो आणि वाचून झाल्यावर तिच्यात स्वतःचे काही घुसडतो का, हे समजायला मात्र उमेदवारीची काही वर्षे जातात. लिनक्सचा कर्नल स्वतः यांतली एकही फाइल उघडत नाही. पत्ता, गेटवे, रूट हे सारे तो आपल्या मेमरीत ठेवतो. ते त्याच्या कानावर घालण्याचे काम वेगळे प्रोग्रॅम करतात आणि त्यांतला प्रत्येक जण आपापली लाडकी फाइल वाचून येतो. नावावरून पत्ता शोधण्याचा मामला तर कर्नलपर्यंत जातही नाही. तो जीलिबसी ही लायब्ररी परस्पर मिटवते. त्यामुळे ‘या फायलीत काय लिहू?’ हा नवशिक्याचा प्रश्न, आणि ‘ही फाइल इथे कोण वाचतंय?’ हा जाणत्याचा.

वडीलकीचा मान /एट्सी/होस्ट्स या फायलीचा. तिची रचना एवढीच: डावीकडे आयपी पत्ता, उजवीकडे नाव, त्यापुढे हवी तितकी टोपणनावे. अर्पानेटच्या काळात, म्हणजे १९७०च्या दशकात, साऱ्या नेटवर्कची मिळून अशी एकच यादी होती, होस्ट्स.टीएक्सटी. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधले नेटवर्क इन्फर्मेशन सेंटर ती सांभाळत असे. केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. त्यांना सगळे ‘जेक’ म्हणत. नवे यंत्र नेटवर्कवर आणायचे तर कार्यालयीन वेळेत या केंद्राला फोन करायचा, नाव आणि पत्ता नोंदवायचा, आणि बाकीच्यांनी सुधारलेली यादी उतरवून घ्यायची. आजच्या इंटरनेटचा कारभार एकेकाळी जेवणाच्या सुट्टीत बंद राहू शकत होता, ही कल्पना काही वाचकांना सुखद वाटेल. यंत्रे वाढली, यादी फुगली, ती उतरवून घेण्यातच नेटवर्क दमू लागले. १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला आणि एका यादीची सद्दी संपली.

यादी गेली, पण फाइल राहिली. आणि राहिली तीही मानाच्या जागी. बहुतेक यंत्रांवर आजही नावाचा शोध सुरू झाला की पहिला कौल होस्ट्सचा घेतात, डीएनएसचा नंतर. याचे परिणाम फार मजेदार होतात. एखादा प्रोग्रॅमर नवी वेबसाइट तपासण्यासाठी होस्ट्समध्ये एक ओळ टाकतो. काम होते, साइट सुरू होते, पेढे वाटले जातात, ओळ तशीच राहते. पुढे कधी तरी साइट दुसऱ्या सर्व्हरवर हलते. साऱ्या जगाला नवी साइट दिसते. ती बनवणाऱ्याला तेवढी जुनी दिसते. तो ब्राउझरची कॅश पुसतो, राउटर बंद-चालू करतो, इंटरनेट कंपनीच्या नावाने बोटे मोडतो. आपल्याच हाताने लिहिलेली ओळ उघडून बघायचे सर्वांत शेवटी सुचते.

या फायलीतली पहिली ओळ बहुधा १२७.०.०.१ आणि लोकलहोस्ट यांची असते. हा यंत्राने स्वतःशी बोलण्याचा पत्ता. खरे तर १२७ने सुरू होणारे सगळेच पत्ते याच कामासाठी राखून ठेवले आहेत, म्हणजे १,६७,७७,२१६. आयपीव्ही४च्या मोकळ्या पत्त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११मध्ये संपला, तेव्हा बाहेर एकेका पत्त्यासाठी घासाघीस चालली होती आणि आत प्रत्येक यंत्र स्वगतासाठी पावणेदोन कोटींच्या आसपास पत्ते अडवून बसले होते. डेबियन या लिनक्सच्या घराण्याने त्यांतला आणखी एक वापरात आणला: १२७.०.१.१. कायमचा पत्ता नसलेल्या यंत्राचे स्वतःचे नाव डेबियन या पत्त्यावर लिहिते, जेणेकरून त्याला निदान स्वतःची तरी ओळख पटावी.

नावाची अधिकृत नोंद /एट्सी/होस्टनेम या फायलीत होते. तिच्यात एकच शब्द असतो, त्यामुळे तिथे चूक होणार नाही असे वाटते. चूक शेजारी होते. यंत्राचे नाव होस्टनेममध्ये बदलले आणि होस्ट्समधले तसेच राहिले की पुढच्या प्रत्येक सुडो आज्ञेला यंत्र तक्रार करते की अमुक नावाचे यंत्र सापडत नाही. हे अमुक यंत्र म्हणजे तक्रार करणारे यंत्र स्वतःच.

कोणाला आधी विचारायचे, होस्ट्सला की डीएनएसला, याचा निवाडा /एट्सी/एनएसस्विच.कॉन्फ ही फाइल करते. तिची कल्पना सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलारिसकडून आली. तिच्यात एक ओळ असते: होस्ट्स, विसर्गचिन्ह, मग फाइल्स, मग डीएनएस. हा क्रम म्हणजे रांग. या ओळीमुळे रोज कुठल्या ना कुठल्या ऑफिसात वाद होतो, कारण डिग आणि एनएसलुकअप ही नावे तपासण्याची दोन लोकप्रिय हत्यारे ही फाइल वाचतच नाहीत, होस्ट्सही वाचत नाहीत. ती तडक डीएनएसकडे जातात. मग डिग एक पत्ता सांगते, ब्राउझर भलतीकडेच जातो, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. प्रोग्रॅमना प्रत्यक्षात काय उत्तर मिळते ते बघायचे तर गेटएंट होस्ट्स ही आज्ञा द्यावी लागते. ती बिचारी फारशी प्रसिद्ध नाही.

उबंटूसारख्या डेस्कटॉपवर या रांगेत मधेच एक सद्गृहस्थ उभे असतात: एमडीएनएस४_मिनिमल, आणि त्यांच्यामागे चौकटी कंसात सूचना, की यांना नाव सापडले नाही तर पुढे जाऊ नका, परत फिरा. हे गृहस्थ .लोकल या शेपटाची नावे आसपासच्या यंत्रांना हाका मारून शोधतात. घरच्या प्रिंटरसाठी ही सोय झकास. पण अनेक कंपन्यांनी आपल्या अंतर्गत डोमेनचे नावच ‘काहीतरी.लोकल’ असे ठेवलेले असते. तिथे विंडोजच्या यंत्रांना फाइल सर्व्हर सापडतो आणि शेजारच्या टेबलावरच्या उबंटूला सापडत नाही. डीएनएस सर्व्हरला उत्तर माहीत असते. त्याला कोणी विचारलेलेच नसते. त्या टेबलावरून ‘लिनक्समध्ये हे असंच असतं’ हा निष्कर्ष निघतो आणि तो ऑफिसभर पसरायला नेटवर्क लागत नाही.

आता /एट्सी/रिझॉल्व्ह.कॉन्फ. डीएनएस सर्व्हर कुठे आहे हे सांगणारी ही फाइल. नेमसर्व्हर हा शब्द, पुढे पत्ता. अशा एक-दोन ओळी. जोडीला सर्च ही ओळ, म्हणजे कोणी अर्धेच नाव टाकले तर त्याला कोणते शेपूट लावून बघायचे त्याची यादी. जीलिबसी पहिले तीन नेमसर्व्हर मानते. सावध माणसाने चौथा आणि पाचवाही लिहून ठेवला तर ती हरकत घेत नाही, दखलही घेत नाही.

तिघांना विचारण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. पहिल्याला विचारले जाते, उत्तरासाठी ठरावीक ५ सेकंद थांबले जाते, मग दुसऱ्याकडे मोर्चा. पुढच्या प्रश्नाला पुन्हा श्रीगणेशा पहिल्यापासूनच. तो मघाशी गप्प बसला होता हे कोणी लक्षात ठेवत नाही. त्यामुळे पहिला नेमसर्व्हर बंद पडला तर नेट बंद पडत नाही. सगळे चालते, फक्त प्रत्येक गोष्ट पाच सेकंदांनी चालते. लॉगिन रेंगाळते, मेल रेंगाळतो, डेटाबेस जोडला जाताना रेंगाळतो. मग ‘सर्व्हर स्लो झालाय’ अशी तक्रार येते, रॅम वाढवायचा प्रस्ताव जातो, तो मंजूरही होतो. रॅम आली की सर्व्हर आणखी मोठ्या मेमरीनिशी पाच सेकंद थांबतो.

या फायलीचे दुखणे आहे ते मालकीचे. सातबाऱ्यावर मालक म्हणून नाव रूट या सर्वाधिकारी खात्याचे. जमीन मात्र कसतात कुळे, आणि कुळेही एक नाहीत. डीएचसीपीचा क्लायंट राउटरकडून पत्ता मिळाला की ही फाइल लिहितो. नेटवर्कमॅनेजर लिहितो. रिझॉल्व्हकॉन्फ नावाचा प्रोग्रॅम तर खास यांच्यातली भांडणे मिटवण्यासाठी आणला गेला आणि मिटवता मिटवता स्वतःच लिहू लागला. व्हीपीएन जोडला की तो येऊन लिहितो आणि अचानक तुटला तर आधीचे पूर्ववत न करताच निघून जातो. शेवटी प्रत्यक्ष मालक, म्हणजे ॲडमिन, एडिटर उघडून हाताने नवा नेमसर्व्हर लिहितो, सेव्ह करतो, पिंग करून बघतो, सगळे ठीक. केबल निघून पुन्हा लागली किंवा यंत्र रीस्टार्ट झाले की त्याची ओळ नाहीशी.

त्याला आधी सांगितले नव्हते असे मात्र नाही. फायलीच्या डोक्यावर टीप असते की ही अमुक प्रोग्रॅमने तयार केली आहे. रिझॉल्व्हकॉन्फची टीप तर मोठ्या अक्षरांत बजावते की हाताने बदल करू नका, ते पुसले जातील. पण टीप हॅश चिन्हाने सुरू होते, आणि हॅशने सुरू होणारी ओळ यंत्राने सोडून द्यायची असते एवढे शिकलेला माणूस ती स्वतःही सोडून देतो.

यावर एक रामबाण उपाय तोंडोतोंडी पसरलेला आहे: चॅट्र या आज्ञेला अधिक-आय जोडून फायलीला कुलूप घालायचे. मग तिला रूटसुद्धा बदलू शकत नाही. उपाय लागू पडतो. काही काळाने कुलूप घालणारा नोकरी बदलतो, त्याच्या जागी दुसरा येतो, त्याला नेमसर्व्हर बदलायचा असतो. तो रूट असतो, फायलीचे परवाने ठीक असतात, डिस्कवर जागा असते, आणि तरी यंत्र म्हणते, परवानगी नाही. आय हे ते एक अक्षर एलएस या नेहमीच्या आज्ञेत दिसतच नाही. ते बघायला एलएसॲट्र ही वेगळी आज्ञा लागते आणि तिची आठवण व्हायला आधी बराच मनस्ताप.

नव्या उबंटूवर तर रिझॉल्व्ह.कॉन्फ ही फाइलच उरलेली नाही. ती /रनमधल्या एका फायलीकडे बोट दाखवणारी सिमलिंक आहे. उघडली तर आत एकच नेमसर्व्हर दिसतो: १२७.०.०.५३. पुन्हा ते स्वगताचे पत्ते. इथे सिस्टीमडी-रिझॉल्व्हड नावाचा प्रोग्रॅम बसलेला असतो. ५३ हा डीएनएसचा पोर्ट, म्हणून पत्त्याच्या शेवटी ५३. एवढी विनोदबुद्धी त्याच्या कर्त्यांनी दाखवली आहे. खरे नेमसर्व्हर कोणते ते त्याला रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस या आज्ञेने विचारायचे. म्हणजे नेमसर्व्हर कुठे आहे हे सांगणारी फाइल आता, ते कोणाला विचारायचे, तेवढेच सांगते.

नावांचा कारभार इथे संपतो आणि पत्त्यांचा सुरू होतो. पत्ता द्यायचा तो नेटवर्क कार्डाला, म्हणजे आधी कार्डाचे नाव हवे. पूर्वी ते साधे होते: पहिले कार्ड ईटीएच०, दुसरे ईटीएच१. अडचण इतकीच की पहिले कोणते हे यंत्र सुरू होताना कोण आधी जागे झाले यावर ठरे, आणि कधी कधी दोघे अदलाबदल करत. फायरवॉलच्या यंत्रावर ही अदलाबदल झाली तर बाहेरचे जग आत आणि आतले ऑफिस बाहेर. म्हणून सिस्टीमडीच्या १९७व्या आवृत्तीत, २०१३मध्ये, नवी पद्धत आली. तिला ‘अंदाज बांधता येण्याजोगी नावे’ म्हणतात. तिच्यानुसार कार्डाचे नाव असते ईएनपी३एस०, म्हणजे पीसीआयच्या तिसऱ्या बसवरचे शून्याव्या स्लॉटमधले इथरनेट. यूएसबीला लावलेले असेल तर ईएनएक्स आणि पुढे मॅक पत्त्याची बारा अक्षरे. अंदाज यंत्राला बांधता येतो हे खरे. माणसाला तो बांधायचा तर कॅबिनेट उघडून स्लॉट मोजावे लागतात. शिवाय कॅबिनेटात नवे ग्राफिक्स कार्ड खोचले की बसची मोजणी सरकते, कालचे ईएनपी३एस० आज ईएनपी४एस० होते, आणि ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर इंटरनेट का गेले याचे उत्तर शोधायला इंटरनेट नसते.

कार्डाचा पत्ता कोणत्या फायलीत लिहायचा, यावर लिनक्सच्या घराण्यांत एकमत कधीच नव्हते. डेबियनकडे /एट्सी/नेटवर्क/इंटरफेसेस ही एकच फाइल. ऑटो म्हणजे यंत्राबरोबर सुरू कर, आयफेस म्हणजे हे कार्ड, पुढे आयनेट स्टॅटिक किंवा आयनेट डीएचसीपी, खाली ॲड्रेस आणि गेटवे. आयफअप आणि आयफडाउन या आज्ञा ती वाचतात. हिची ओळख एकदा झाली की ती माणसाला दगा देत नाही. दगा झालाच तर शेजारच्या नेटवर्कमॅनेजरमुळे होतो. त्या दोघांत तह असा, की जे कार्ड इंटरफेसेसमध्ये लिहिलेले आहे त्याला नेटवर्कमॅनेजरने हात लावायचा नाही. डेस्कटॉपवर कोणी हौसेने तिथे दोन ओळी लिहिल्या की कोपऱ्यातले नेटवर्कचे चित्र हात वर करते: हे उपकरण आमच्या देखरेखीखाली नाही. आमच्या नाही तर कोणाच्या, ते सांगायची पद्धत नाही.

रेड हॅटच्या घरात प्रत्येक कार्डाला स्वतंत्र फाइल होती. /एट्सी/सिसकॉन्फिग/नेटवर्क-स्क्रिप्ट्स या लांबलचक डिरेक्टरीत आयएफसीएफजी-ईटीएच०, आणि तिच्यात मोठ्या अक्षरांत डिव्हाइस, आयपीॲड्र, गेटवे, ऑनबूट. यांतल्या ऑनबूटने एक पिढी घडवली. सेंटओएस ७ची किमान मांडणी करताना इन्स्टॉलरच्या पडद्यावर नेटवर्कचे बटण मुद्दाम चालू केले नाही, तर ऑनबूटपुढे ‘नो’ लिहिले जाई. यंत्र व्यवस्थित उभे राही, केबल लावलेली, दिवा लुकलुकत, आणि पत्ता नाही. बूटप्रोटो या शब्दापुढे डीएचसीपी लिहिले तर पत्ता मागून घेतला जाई. स्टॅटिक लिहिले काय आणि नन लिहिले काय, अर्थ एकच: मागू नका, खाली लिहिलेला घ्या.

त्याच फायलीत एचडब्ल्यूॲड्र नावाची ओळ असे, कार्डाच्या मॅक पत्त्याची. सेंटओएस ६च्या काळात आभासी यंत्राची नक्कल काढली की हिचा इंगा कळे. नक्कल यंत्राला नवा मॅक मिळे, फायलीत जुनाच असे, आणि यंत्र बजावे की ईटीएच०चा मॅक पत्ता अपेक्षेपेक्षा निराळा आहे, सबब दुर्लक्ष करत आहोत. ती ओळ काढून टाकावी तर कळे की ईटीएच० नावाचे कार्डच नाही, ते ईटीएच१ झाले आहे, कारण /एट्सी/यूडेव्ह/रूल्स.डी मधल्या ७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स या फायलीने जुन्या मॅकसाठी ईटीएच० राखून ठेवलेले असे. गेलेल्या कार्डाची जागा धरून ठेवणारी ही फाइल पुसली आणि यंत्र पुन्हा सुरू केले की गाडी रुळावर येई.

पुढे सूत्रे नेटवर्कमॅनेजरने घेतली. तो रेड हॅटनेच २००४मध्ये सुरू केलेला प्रकल्प, मूळचा वायफायवर फिरणाऱ्या लॅपटॉपसाठी. सर्व्हरवाल्यांनी त्याला बरीच वर्षे नाके मुरडली आणि तो दिसेल तिथे आधी बंद केला. रेड हॅट ९पासून त्याच्या स्वतःच्या फायली आल्या: /एट्सी/नेटवर्कमॅनेजर/सिस्टीम-कनेक्शन्स या डिरेक्टरीत, शेवटी .एनएमकनेक्शन. तिथल्या फायलीचा परवाना ६०० हवा, म्हणजे रूटखेरीज कोणालाही वाचता येता कामा नये, नाहीतर नेटवर्कमॅनेजरही ती वाचत नाही. जुनी नेटवर्क-स्क्रिप्ट्स डिरेक्टरी रेड हॅट ९मध्ये जागेवर आहे; तिच्यात एक रीडमी फाइल ठेवली आहे, आता मुक्काम कुठे हलवला ते सांगायला. सवयीने तिथे जाणाऱ्यांची संख्या रेड हॅटला चांगलीच ठाऊक असावी.

उबंटूने ऑक्टोबर २०१७च्या १७.१० या आवृत्तीपासून तिसरी वाट धरली: नेटप्लॅन. फायली /एट्सी/नेटप्लॅन डिरेक्टरीत, यॅमल या भाषेत. नेटप्लॅन स्वतः कर्नलशी बोलत नाही. तो यॅमल वाचतो आणि त्यावरून सिस्टीमडी-नेटवर्कडी किंवा नेटवर्कमॅनेजर यांना कळेल अशा फायली /रनमध्ये लिहून देतो. मग ते वाचतात आणि कर्नलला सांगतात. एका फायलीचा अर्थ दुसऱ्या फायलीत लिहिण्यासाठी तिसरा प्रोग्रॅम, असा हा बंदोबस्त आहे आणि तो चालतो.

यॅमलमध्ये अर्थ शब्दांपेक्षा समासात जास्त असतो. नेटवर्क हा शब्द भिंतीला चिकटून. त्याखाली दोन जागा सोडून इथरनेट्स. त्याखाली चार जागा सोडून ईएनपी३एस०. त्याखाली सहा जागा सोडून ॲड्रेसेस. दोन जागा कमी पडल्या तर पत्ता कार्डाचा राहत नाही, त्याच्या वरच्या पिढीचा होतो, आणि वरच्या पिढीला पत्ता घेण्याचा अधिकार नसतो. जागांऐवजी टॅबची कळ दाबली तर नेटप्लॅन स्पष्ट सांगतो की इथे टॅब चालत नाही. पडद्यावर टॅब आणि आठ जागा हुबेहूब सारख्या दिसतात, हा त्याचा प्रश्न नाही. पत्ता लिहून पुढे /२४ लिहायचे राहिले तर तेही तो सांगतो. जुन्या सवयीने गेटवे४ लिहिले तर कुरकुरतो, की हा शब्द आता बाद, रूट्स लिहा. पण काम करून टाकतो. एकंदरीत नेटप्लॅन बोलका आहे, आणि या घराण्यात तो मोठाच गुण म्हणायचा.

क्लाउडवरच्या यंत्रात याच डिरेक्टरीत ५०-क्लाउड-इनिट.यॅमल सापडते. तिच्या डोक्यावरची टीप वाचण्यासारखी आहे. ती म्हणते, इथे केलेले बदल टिकणार नाहीत. माझे लिहिणे थांबवायचे असेल तर /एट्सी/क्लाउड/क्लाउड.सीएफजी.डी या डिरेक्टरीत ९९-डिसेबल-नेटवर्क-कॉन्फिग.सीएफजी नावाची फाइल करा आणि तिच्यात अमुक लिहा. एका फायलीला गप्प करायचे तर दुसरी लिहायची. निदान कोणती, ते ती स्वतःच सांगते, रिझॉल्व्ह.कॉन्फने एवढे सौजन्य कधी दाखवले नव्हते.

फाइल बदलली की बदल लागू करायचा, आणि इथे या शास्त्रातला सर्वांत जुना अपघात घडतो. ॲडमिन आणि सर्व्हर सहसा एका गावात नसतात. ॲडमिन एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरूनच, सर्व्हरवर गेलेला असतो आणि त्याच नेटवर्कचा पत्ता बदलत असतो. पुढचा संवाद मराठी मुलखातल्या कुठल्याही आयटी विभागात ऐकू येईल.

“सर, तो सर्व्हर पिंग होत नाहीये.”

“काय केलंस?”

“काहीच नाही सर. फक्त आयपी बदलला आणि नेटवर्क रीस्टार्ट केलं.”

“कुठून केलंस?”

“घरून, सर.”

“बरं. आता डेटा सेंटरला जा. आणि मॉनिटर घेऊन जा, तिथला चालत नाही.”

जुन्याजाणत्यांचा यावर तोडगा असा: फायलीला हात न लावता आधी आयपी या आज्ञेने बदल फक्त कर्नलच्या मेमरीत करायचा. त्याआधी शटडाउनला सांगून ठेवायचे की पाच मिनिटांनी यंत्र पुन्हा सुरू कर. बदल फसला आणि संबंध तुटला तर पाच मिनिटांनी यंत्र उठते, जुनीच फाइल वाचते आणि जुन्या पत्त्यावर हजर होते. बदल जमला तर शटडाउन रद्द करायचा आणि मगच फाइल लिहायची. शटडाउन रद्द करायला विसरणे हा या तोडग्याचा एकमेव दोष. भर दुपारी बिलिंग चालू असताना तो सगळ्यांच्या लक्षात येतो. नेटप्लॅनने हाच शहाणपणा आज्ञेत बांधला: नेटप्लॅन ट्राय. बदल लागू होतो, १२० सेकंदांत एंटरची कळ दाबली नाही तर आपोआप मागे घेतला जातो. फक्त बाँड आणि ब्रिज यांच्या खास सेटिंगबाबत तो आधीच कबूल करतो की मागे घेणे जमणार नाही, काळजीपूर्वक बघून सरळ अप्लाय करा. घसरण्याची शक्यता नेमकी तिथेच जास्त असते.

उरलेल्या फायली थोडक्यात आटोपण्याजोग्या आहेत. /एट्सी/सर्व्हिसेस ही पोर्टच्या नावांची सूची: २१ एफटीपी, २२ एसएसएच, २३ टेलनेट, २५ एसएमटीपी, ५३ डोमेन. २२ हा आकडा टाटू युलोनेन या फिनलंडच्या संशोधकाने १९९५मध्ये मागून घेतला. एफटीपी आणि टेलनेट यांच्या मधोमध तो रिकामा होता आणि एसएसएच त्या दोघांच्या जागी यायची होती. या फायलीत आकडा बदलून सर्व्हर दुसऱ्या पोर्टवर जाईल अशी आशा काही जण बाळगतात. ती बाळगू नये, बहुतेक सर्व्हर आपापल्या फायलीतला आकडा मानतात. /एट्सी/प्रोटोकॉल्समध्ये टीसीपी ६ आणि यूडीपी १७ आहेत आणि तिथेच राहतील. /एट्सी/सिससीटीएल.कॉन्फमध्ये नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्डपुढे १ लिहिले की साधे यंत्र राउटर होते. ते राहिले, तर एका कार्डावर आलेले पॅकेट दुसऱ्यावरून बाहेर पडत नाही आणि दोष केबलवर जातो.

होस्ट्स.अलाउ आणि होस्ट्स.डिनाय यांना मात्र थोडा वेळ द्यायला हवा. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठात वित्से व्हेनेमा यांनी १९९०मध्ये टीसीपी रॅपर लिहिला, कारण एक भामटा तिथल्या यंत्रांत शिरून फायली पुसत होता. कोणाला आत घ्यायचे ते अलाउमध्ये, कोणाला नाही ते डिनायमध्ये. डिनायमध्ये ऑल विसर्ग ऑल एवढे लिहिले की यंत्र निर्धास्त, असे पाठच्या पाठ पुस्तकांनी शिकवले. ओपनएसएसएचने २०१४मध्ये याचा आधार काढला, रेड हॅट ८ने २०१९मध्ये टीसीपी रॅपर्स बादच केले. पण पुस्तके आहेत, पाठ केलेले आहे. रेड हॅट ८वर अजूनही कोणी होस्ट्स.डिनाय फाइल नव्याने तयार करतो, सुवाच्य टिपा लिहितो, आतल्या नियमांची ऑडिटरला प्रिंट देतो. ऑडिटर ती वाचतो. त्या फायलीचा तो एकटाच वाचक.

राहता राहिल्या जुन्या प्रती. फाइल बदलण्याआधी तिची नक्कल शेजारीच ठेवायची ही चांगली सवय सगळ्यांना असते, आणि इथेही प्रश्न तोच: नक्कल कोण वाचते? नेटप्लॅन आपल्या डिरेक्टरीतल्या .यॅमलने संपणाऱ्या सगळ्या फायली नावांच्या क्रमाने वाचतो. ०१-नेटसीएफजी.यॅमल.बॅक हे नाव दिले तर ठीक, तो तिकडे बघत नाही. ०१-नेटसीएफजी-जुनी.यॅमल दिले तर तो तीही मनोभावे वाचतो, आणि पत्त्यांच्या याद्या एकमेकींना जोडतो. मग कार्डाला नवा पत्ताही मिळतो आणि जुनाही. डेबियनच्या इंटरफेसेसमध्ये शेजारच्या इंटरफेसेस.डी डिरेक्टरीतले झाडून सगळे आत घे अशी तारांकित ओळ असेल, तर तिथे .बॅक हे शेपूटही वाचवत नाही. नेटवर्कमॅनेजरच्या डिरेक्टरीत नक्कल केली तर दोन फायलींत एकच यूयूआयडी, म्हणजे जोडणीचा ओळखक्रमांक, राहतो. म्हणून जाणती माणसे जुनी प्रत रूटच्या होम डिरेक्टरीत ठेवतात. तिथे ती नेटवर्कचा एकही प्रोग्रॅम उघडत नाही.